मोटरसायकलच्या चेनीचा बंदोबस्त

मोटरसायकल बाळगणाऱ्या माणसास आपल्या वाहनाविषयी पुष्कळ गोष्टी तोंडपाठ असतात. लिटरमागे ते किती धावते, विम्याची मुदत केव्हा संपते, टायर शेवटचा कधी बदलला, अलीकडच्या पंपावरचे पेट्रोल चांगले की पलीकडच्या, याविषयी तो निःशंकपणे बोलू शकतो. परंतु ज्या एका अवयवावाचून इंजिनाची सारी शक्ती जागच्या जागी घरघरत राहील आणि मागचे चाक तसूभरही हलणार नाही, त्या चेनीविषयी विचारले असता तो एकतर मिस्त्रीकडे बोट दाखवतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, एखादा संप्रदाय स्वीकारून मोकळा होतो. हे संप्रदाय मुख्यतः चार आहेत: पहिला जळक्या ऑइलचा, दुसरा ग्रीसचा, तिसरा नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा आणि चौथा, अलीकडे शहरांतून बळावलेला, स्प्रेच्या डब्याचा. प्रत्येकाचे अनुयायी कडवे, प्रत्येकाजवळ आपली चेन इतके हजार किलोमीटर चालल्याचा दाखला तयार, आणि त्या दाखल्याची रुजवात घालण्याचे साधन मात्र कोणाजवळच नाही. या वादात मलाही एक पक्ष आहे व तो यथाक्रम पुढे येईल. तत्पूर्वी एवढे सांगणे प्राप्त आहे की, तेल कोणते हा प्रश्न आपण मानतो तितका मोठा नाही, आणि जो खरोखर मोठा आहे, म्हणजे ही चेन रस्त्यावरच्या धुळीपावसात मुळी उघडी का ठेवावी, तो विचारण्याचे आपण सोडून दिले आहे.

आज आपण वापरतो ती रोलर चेन हान्स रेनॉल्ड या स्वित्झर्लंडात जन्मलेल्या आणि मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या यंत्रज्ञाने 1880 साली सिद्ध केली, आणि तिच्या रचनेत तेव्हापासून आजतागायत मूलभूत असा फरक पडलेला नाही. बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी पोलादी पिन आतल्या दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या पोकळ बुशातून जाते, त्या बुशावर एक सैल रोलर फिरत असतो, आणि हा रोलर स्प्रॉकेटच्या दातांमध्ये जाऊन बसतो, अशी ही तिपेडी व्यवस्था आहे. वरून पाहणाऱ्यास चेन म्हणजे रोलर आणि पट्ट्या एवढेच दिसते व तेलही तो तेथेच ओततो. पण चेनीचे आयुष्य ज्या ठिकाणी झिजते ते ठिकाण दृष्टीआड, पिन आणि बुश यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत असते. चेन ‘लांबली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात तेव्हा पोलाद ताणले गेले अशी ऐकणाऱ्याची समजूत होते. वस्तुतः पट्टी होती तेवढीच असते. प्रत्येक सांध्यावर पिन थोडी घासली जाते, आणि अशा शंभरावर सांध्यांची झीज एकत्र होऊन चेन ढिली पडते. सांध्यामागे एक दशांश मिलिमीटर झीज धरली तरी शंभर सांध्यांत एक सेंटिमीटर भरतो, आणि 12.7 मिलिमीटर अंतराच्या कड्या असलेल्या आपल्याकडच्या नेहमीच्या 428 नंबरच्या चेनीत हा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे पाऊण टक्का होतो. शेकडा दीड-दोनपर्यंत मजल गेली की चेन स्प्रॉकेटच्या दातांवर चढू लागते, दात एका अंगाला झुकून आकड्यासारखे होतात, आणि मग केवळ चेन बदलून भागत नाही, सबंध चेनसेट घ्यावा लागतो.

टाकून दिलेल्या अशा एखाद्या चेनीची कडी ग्राइंडरने कापून पिन बाहेर काढून पाहावी. तिचे एक अंग आरशासारखे घासलेले, त्यावर नखाला लागेल अशी पायरी, आणि बुशाच्या आतून तपकिरी, कोरडी, तपकिरीच्या डबीतल्यासारखी बारीक भुकटी हाताला लागते. बाहेरून ती चेन तेलाने चिकचिकीत काळी असते, आणि आत तेलाचा टिपूसही नसतो. ज्या चेनीला दर पंधरवड्यास तेल दिले असे तिचा मालक छातीठोकपणे सांगतो, त्या चेनीतूनही हीच भुकटी निघते. कारण तो सांगतो ते खरे असले तरी त्याने दिलेले तेल पट्ट्यांच्या बाहेरच राहिलेले असते.

या सांध्यांवर काय भार पडतो त्याचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मागच्या स्प्रॉकेटला बेचाळीस दात, चेनीला एकशे दहाच्या आसपास कड्या, आणि चाकाचा परीघ सुमारे 1.9 मीटर असे धरले तर गाडी एक किलोमीटर जाईतो चेनीचे सुमारे दोनशे फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सांधा दोन्ही स्प्रॉकेटांवर चढताना व उतरताना मिळून चार वेळा वळतो. म्हणजे किलोमीटरमागे आठशे वेळा, आणि पाचशे किलोमीटरांत चार लाख वेळा. पाचशे ते हजार किलोमीटरांनी चेनीला तेल द्यावे असे कंपन्यांच्या पुस्तिका जे सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्री करीलच म्हणून ज्यांनी हे काम तीन-तीन हजार किलोमीटर तहकूब ठेवले, त्यांची चेन लवकर गेली तर त्याची फिर्याद कंपनीकडे नेण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलच्या चेनीवर केलेले प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाले, आणि ते या वादात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहेत. चांगल्या स्थितीतील चेन दिलेल्या शक्तीपैकी शेकडा 98.6 पर्यंत पलीकडे पोहोचवते असे त्यांना आढळले. स्प्रॉकेट मोठे असेल व चेनीवर ताण पुरेसा असेल तर शक्तीचा अपव्यय कमी होतो असेही दिसले. परंतु तेल कोणते घातले, किंबहुना घातले की नाही, यामुळे म्हणण्यासारखा फरक पडेना. आता प्रयोगशाळेत धूळ नव्हती, पाऊस नव्हता, आणि सायकलच्या चेनीचा वेग मोटरसायकलच्या मानाने अगदी मामुली, तेव्हा मोटरसायकल कोरड्या चेनीवर पिटाळावी असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये; पण स्पायसर यांनी स्वतः काढलेले अनुमान मार्मिक आहे. तेलाचे मुख्य काम, त्यांच्या मते, फटीतील जागा अडवून धरण्याचे, म्हणजे घाण आत शिरू न देण्याचे असावे. लोणच्याच्या बरणीत फोडींवर तेलाचा थर असतो तो काही चवीसाठी नसतो, हवा आणि ओल बाहेर राहावी म्हणून असतो. चेनीतील तेलाचे कर्तव्य बहुतांशी असेच आहे.

हे तत्त्व जपानी व इतर कारखानदारांनी त्यापूर्वीच, 1970 च्या दशकात, व्यवहारात आणले होते. पिन आणि बुश यांच्या फटीत कारखान्यातच ग्रीस भरावयाचे, आणि आतल्या व बाहेरच्या पट्टीच्या मध्ये रबराची वर्तुळाकार कडी दाबून बसवून ते कायमचे कोंडून ठेवावयाचे, अशी ही तजवीज. हीच ओ-रिंग चेन, आणि कडीचा छेद फुलीच्या आकाराचा असला की एक्स-रिंग चेन. आपल्या गाडीची चेन कोणत्या जातीची हे पाहण्यास पुस्तिका धुंडाळावी लागत नाही; उजेडात बसून दोन पट्ट्यांच्या मध्ये वाकून पाहिले की काळ्या रबराची कड दिसते, किंवा दिसत नाही. ती दिसली तर आतापर्यंतचा सगळा वाद एका क्षणात आपले रूप पालटतो. पिन आणि बुश यांचा कारभार कारखान्याने आधीच पाहिलेला आहे, बाहेरून ओतलेले तेल त्या दप्तरात शिरूच शकत नाही, आणि मालकाकडे तीनच कामे उरतात: रोलरला थोडा ओलावा देणे, पट्ट्यांना गंज लागू न देणे, आणि रबर कोरडे पडून तडकू न देणे. या तिन्ही कामांसाठी अद्भुत द्रव्याची गरज नसते. रबराचे नुकसान न करणारे कोणतेही मध्यम जाडीचे स्वच्छ तेल पुरते.

यामुळे चार संप्रदायांची चौकशी आता थोडक्यात करता येईल, मात्र पहिल्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण महाराष्ट्राच्या गावोगावी अजून त्याचीच वहिवाट आहे. इंजिनातून काढलेले काळे, जळके ऑइल गॅरेजच्या कोपऱ्यात एका कापलेल्या डब्यात साठलेले असते, त्यात एक जुना ब्रश बुडलेला असतो, आणि सर्व्हिसिंग संपता संपता मिस्त्री तो ब्रश चेनीवरून सढळपणे फिरवतो. फुकटचे तेल, गिऱ्हाइकाला काळीभोर ओली चेन दिसते, दोघांचेही समाधान होते. पण ते तेल इंजिनातून काढावे का लागले याचा विचार त्या वेळी कोणी करीत नाही. त्यात काजळी आहे, जळणातून उत्पन्न झालेली आम्ले आहेत, आणि इंजिनाच्याच झिजेतून आलेले धातूचे कण आहेत. जे द्रव्य इंजिनाच्या कामातून बाद झाले तेच चेनीच्या कामास नेमावयाचे, ही बढती नव्हे काय? शिवाय ते पातळ झालेले असल्याने पहिल्या पाच-दहा किलोमीटरांत त्याचा बराचसा भाग मागच्या रिमवर, साडीगार्डवर आणि रस्त्यावर उडतो, आणि पहिल्या पावसात रस्त्यावरून नाल्यात जातो. घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाची गणना घातक पदार्थांत केलेली आहे, व ते नोंदणीकृत संस्थेकडेच जावे असा दंडक आहे; पण हा दंडक गॅरेजच्या त्या कोपऱ्यापर्यंत अद्याप पोहोचलेला दिसत नाही.

ग्रीसविषयी फार लिहावयास नको. ते सांध्यात शिरण्याइतके पातळ नाही आणि धूळ झटकून टाकण्याइतके कोरडे नाही. कोकणातील चिरेखाणींजवळच्या तांबड्या धुळीत किंवा मराठवाड्यातल्या खडी उखडलेल्या रस्त्यावर ग्रीस फासलेली चेन आठवडाभर चालवली, की तिच्यावर जे काही जमते ते व्हॉल्व्ह बसवताना घासण्यासाठी वापरतात त्या पेस्टच्या जातीचे असते. उघड्या चेनीचा एक जुना उपाय मात्र ग्रीसचा होता आणि तो शास्त्रशुद्ध होता: चेन लॉक काढून सोडवावयाची, रॉकेलमध्ये धुऊन वाळवावयाची, चुलीवर पातळ केलेल्या चरबी-ग्राफाइटच्या किंवा ग्रीसच्या भांड्यात बुडवून ठेवावयाची, आणि निवाल्यावर पुसून परत चढवावयाची, चढवताना लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे येईल असे पाहावयाचे. त्यात द्रव्य गरम असताना बुशाच्या आत जाई आणि थंड झाल्यावर तेथेच गोठून राही. एवढी बरदाश्त आज कोणी ठेवील असे वाटत नाही, आणि रबरी कड्यांच्या चेनीला तर हा प्रयोग करूच नये.

स्प्रेच्या डब्याची योग्यता मला मान्य आहे. त्यातील द्रावक तेलाला फटीपर्यंत वाहून नेतो आणि स्वतः उडून जातो, मागे चिकट पातळ थर राहतो. लांबच्या प्रवासात पिशवीत ठेवावयास डबा सोयीचा, हात खराब होत नाहीत, आणि आजच्या तरुणास घराच्या वाहनतळात तेलाची बुधली घेऊन बसण्यापेक्षा तो अधिक शोभतो. पण दोन गोष्टी विक्रेते सांगत नाहीत. एक, द्रावक उडून जाण्यास वेळ लागतो. फवारा मारून लागलीच गाडीला किक मारणारा माणूस पैसे रस्त्यावर उधळत असतो. दुसरी, त्या चिकट थराला कोरड्या धुळीचे आकर्षण ग्रीसपेक्षा कमी असले तरी नाहीसे झालेले नसते, आणि तो मधूनमधून धुऊन काढावाच लागतो. मग धुण्यासाठी दुसरा डबा, घासण्यासाठी तीन बाजूंचा ब्रश, आणि मेन स्टँड नसलेल्या गाडीसाठी पॅडॉक स्टँड असा परिवार वाढत जातो, आणि चेनीला तेल देणे हा नित्यकर्माचा विषय न राहता सणासुदीचा होतो.

माझा कौल नव्वद नंबरच्या गिअर ऑइलला आहे. तो मी मिस्त्रींच्या परंपरेवरून देत नाही. होंडाच्या पुस्तिकांत वर्षानुवर्षे एसएई 80 किंवा 90 च्या गिअर तेलाची शिफारस केलेली आहे, हा त्याला लेखी आधार आहे. स्प्रेच्या एका मोठ्या डब्याच्या किमतीत या तेलाचे लिटर येते आणि हात आखडता ठेवला तर ते वर्षाहून अधिक पुरते. त्याचा एकमेव दोष म्हणजे ते उडते. पण ते उडते ते मुख्यतः आपण जास्त घालतो म्हणून. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या लहान स्प्रॉकेटवरून चेन वळते तेव्हा तिच्यावरच्या तेलास बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सत्तर-ऐंशी पट असतो. अशा ठिकाणी पट्ट्यांवर साचलेला थेंब टिकावा ही अपेक्षाच गैर आहे. टिकते ते फटीत मुरलेले तेल, आणि पृष्ठभागावर बोटाला केवळ ओल जाणवेल एवढा थर. म्हणून तेल घालण्याइतकेच ते पुसून काढणेही महत्त्वाचे. चेनीला तेल दिल्यावर कोरडी चिंधी फिरवून निम्मे परत घेणारा माणूस कंजूष वाटतो खरा, पण हिशेब त्यालाच कळलेला असतो.

पद्धत अवघड नाही. संध्याकाळी कामावरून परतल्यावर चेन कोमट असते. तेव्हाच, गाडी मेन स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून, मागचे चाक हाताने उलटे फिरवीत, खालच्या बाजूच्या चेनीच्या आतल्या अंगावर, आतल्या व बाहेरच्या पट्टीच्या फटीवर आणि रोलरवर थेंब थेंब तेल सोडावे. आतल्या अंगावर सोडावयाचे कारण असे की, चेन फिरू लागली की तेल बाहेरच्या दिशेनेच सरकते, तेव्हा जाता जाता ते सांध्यातून जाते. रात्रभर मुरू द्यावे, सकाळी पुसावे, आणि पुसता पुसता खालच्या चेनीच्या मध्यावर बोट दाबून ती वरखाली किती हलते ते पाहावे. लहान गाड्यांना साधारण अडीच-तीन सेंटिमीटर ढिलाई असावी, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चेन ताणून घट्ट करण्याची हौस पुष्कळ मिस्त्रींना असते. अशा चेनीला कितीही उंची तेल पाजले तरी ती स्वतः तर झिजतेच, पण गिअरबॉक्सच्या बेअरिंगलाही आपल्याबरोबर नेते.

‘इंजिन बंद करून’ हे शब्द मी वर मुद्दाम घातले आहेत. गाडी स्टँडवर लावून, पहिल्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून, आपोआप फिरणाऱ्या चेनीला चिंधी धरावयाची, असा एक शिरस्ता गॅरेजांतून आणि घराघरांतूनही दिसतो. चिंधीचे टोक चेन आणि स्प्रॉकेट यांच्या मध्ये सापडले की बोट मागे घेण्यास अवधी मिळत नाही; त्या ठिकाणी बोटाचे पेर तुटून जाते, आणि अशी पेरे तुटलेले हात पाहिलेला अस्थिशल्यविशारद कोणत्याही मोठ्या गावात सापडेल. घरात लहान मूल कुतूहलाने जवळ येऊन बसलेले असेल तर हा मामला अधिकच गंभीर होतो.

पावसाळ्याचा नियम निराळा. आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटातून भिजत आलेली चेन तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी पट्ट्यांवर तांबूस गंज उमटलेला दिसतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तर त्याला रात्रही पुरी लागत नाही. या दिवसांत किलोमीटर मोजण्यात हशील नाही. भिजली की पुसावी आणि किंचित तेल द्यावे, एवढेच सूत्र. त्याहून दुर्लक्षित गोष्ट वॉशिंग सेंटरची आहे. तेथील पाण्याचा जोरदार फवारा सरळ चेनीवर धरला जातो, त्याने साध्या चेनीतील तेल निघून जाते आणि ओ-रिंगच्या चेनीत रबराच्या कडेने पाणी आत घुसू शकते. नंतर हवेने वाळवून, सीटला पॉलिश लावून गाडी मालकाच्या स्वाधीन होते, आणि चेन त्या दिवसापासून कोरडी पडते. धुलाईच्या दरात तेलाचे दोन थेंब धरावेत एवढी मागणी गिऱ्हाइकाने केली तर कोणता सेंटरवाला नाही म्हणेल? आणि धुणे घरीच करावयाचे असेल तर रॉकेल सर्वांत निर्धोक. रेशनवरचे रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून गॅरेजांत पेट्रोल-डिझेलचा दस्तूर पडला आहे खरा, पण रबरी कड्यांना पेट्रोल लावू नये व तारेचा ब्रश तर मुळीच लावू नये.

एवढी सगळी खटपट मालकानेच करावी, असे मानण्याचा प्रघात मात्र नवा आहे. जुन्या ट्रायम्फ गाड्यांत तेलाच्या टाकीकडे परतणाऱ्या नळीतून थोडे तेल मागच्या चेनीवर ठिबकत ठेवण्याची व्यवस्था होती. 1969 साली आलेल्या होंडाच्या सीबी 750 गाडीत पुढच्या स्प्रॉकेटच्या दांड्यातूनच चेनीला तेल मिळे. पुढे स्कॉटलंडातून आलेल्या स्कॉटऑयलर नावाच्या उपकरणाने हेच काम इंजिनाच्या शोषणशक्तीवर चालवून दाखवले, आणि लांब पल्ल्याचे प्रवासी ते आजही बसवून घेतात. या युक्त्यांनी मागचे टायर तेलकट होई, तेलाचा खर्च वाढे, म्हणून कारखान्यांनी त्या सोडल्या याबद्दल मला खेद नाही. खेद आहे तो त्यांनी चेन कव्हर सोडले याचा.

चेन पूर्णपणे झाकणारे पत्र्याचे कव्हर हे भारतीय रस्त्यास अपरिचित नव्हते. म्हैसूरला बनणाऱ्या जावाची चेन सर्व बाजूंनी बंदिस्त असे. 1985 साली आलेल्या हीरो होंडाच्या सीडी 100 ने आणि 1994 च्या स्प्लेंडरने हीच परंपरा चालवली, आणि दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या, विमा एजंटाच्या या गाड्या साध्या, बिनरबरी चेनीवर वर्षानुवर्षे धावत आल्या आहेत. त्या चेनी टिकतात याचे श्रेय मालकाच्या दक्षतेला देता येणार नाही. कव्हराच्या रबरी टोपणातून आत डोकावून पाहणारे मालक अगदी विरळा. श्रेय पत्र्याचे आहे. धूळ आत जात नाही, पाणी थेट पडत नाही, आणि उडालेले तेल कव्हराच्या आतल्या अंगास लागून बरेचसे आतच राहते. आणि त्याच वेळी चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्या पाहाव्यात: चेन उंची, एक्स-रिंगची, पण तिच्यावर एक अरुंद प्लास्टिकची पट्टी, बाकी सारे आकाशाला आणि चिखलाला खुले. वेगाच्या शर्यतीत, जेथे दर फेरीनंतर चेन तपासणारा मिस्त्री हजर असतो, तेथे हे योग्यच. मोशीहून हिंजवडीला नोकरीस जाणाऱ्या तरुणाच्या गाडीवर त्याचे प्रयोजन दिसण्यापलीकडे काय?

कव्हराविरुद्धची कैफियत मला ठाऊक आहे. चेन ढिली झाली की ती पत्र्यावर आपटून खडखडते. मिस्त्रीला चार बोल्ट जास्त खोलावे लागतात. रुंद टायर आणि लांब सस्पेन्शन यांना जागा कमी पडते. आणि जे दिसत नाही त्याची हेळसांड होते. शेवटचा आक्षेप खरा आहे, पण उघड्या चेनींची हेळसांड थांबली असल्याचे मला कोठे दिसले नाही. खडखडाटाविषयी तर असे म्हणेन की, चेन घट्ट करण्याची वेळ आली हे मालकाला कानाने कळावे यात नुकसान कोणते?

शिवाय एक मुद्दा असा की ज्याचा तेलाशी काही संबंध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमान्वये मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटरसायकलवर असले पाहिजे. तेच आपले साडीगार्ड. आपल्याकडे स्त्रिया एका बाजूस पाय घेऊन बसतात ती बाजू डावी, आणि बहुतेक गाड्यांची चेनही डावीकडेच असते. पदर किंवा ओढणी आऱ्यांत गुंतू नये म्हणून सरकारने गज लावावयास सांगितले, आणि हातभर अंतरावर फिरणाऱ्या दोन दातेरी चक्रांचा व त्यांवरून धावणाऱ्या चेनीचा बंदोबस्त कंपनीच्या अभिरुचीवर सोडला, ही विसंगती दूर करण्यास नवा कायदाही नको. त्याच नियमात एक वाक्य वाढवले तरी पुरे.

ते होईतो सरकारने निदान आपल्या घरापासून आरंभ करावा. पोलिसांसाठी व इतर खात्यांसाठी मोटरसायकली खरेदी होतात, त्यांच्या निविदांत इंजिनाची शक्ती, दिव्यांची संख्या, रंगाची छटा यांच्या अटी असतात. त्यांत पूर्ण चेन कव्हराची एक अट घालण्यास कोणाची आडकाठी असणार? सरकारी गाडीला तेल देणे हे नेमके कोणाचे काम, याचा निकाल कोणत्याही कचेरीत लागलेला नसतो, त्यामुळे पत्र्याची गरज तेथेच सर्वाधिक. आणि कंपन्या पाय सुरक्षित ठेवणाऱ्या दांड्यांपासून सीट कव्हरापर्यंत नाना वस्तू जास्तीचे पैसे घेऊन विकतात, तेव्हा हव्या त्या गाडीस बसेल असे चेन कव्हर त्याच यादीत ठेवणे त्यांस जड नाही. खरे म्हणजे क्रम उलटा असावयास हवा: गाडी कव्हरासह विकावी, आणि उघडी, चकचकीत चेन मिरवण्याची ज्याला हौस असेल त्याने पाना घेऊन ते काढून टाकावे. आज ते काढण्याची सवलत फक्त स्प्लेंडरवाल्याला आहे. ड्यूकवाल्याला ते बसवून घ्यावेसे वाटले, तर दुकानदार त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.